पाणी मला दिसलं नाही

"गुल्हाने आल्या नाहीत?" निंभोरकर मॅडमनी हजेरीपटातून डोकं वर न काढता विचारलं.

"तिला ताप आहे मॅडम," मुलींच्या बाकांवरून आवाज आला.

"मग तास वाया नको. खोडके, या पुढे. तुमची केस मांडा."

माझा नंबर पुढच्या मंगळवारी होता. तसं सांगायला मी तोंड उघडलं, पण मॅडमनी तोवर खुर्ची बाजूला ओढून गुण लिहायचा कागद मांडीवर घेतला होता. मी बाकाखालची फाईल उचलली आणि पुढे गेलो. फाईलमध्ये चाळीसेक कोरे कागद होते. सगळ्यांत वरच्या कागदावर आमच्या एकांकिकेच्या नेपथ्याचं चित्र होतं. एक दार, एक खाट, एक खिडकी.

ही त्र्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला होतो. गावाचं आणि कॉलेजचं नाव सांगत नाही. आम्हा प्रत्येकाला एकेक संस्था नेमून दिली होती. दर गुरुवारी आणि शनिवारी तिथं जायचं, तिथल्या एका माणसाशी ओळख वाढवायची, त्याचं दुःख समजून घ्यायचं, लिहायचं, आणि वर्षात एकदा ते वर्गापुढे मांडायचं. माझ्या वाट्याला 'आसरा' आलं होतं. कापसाच्या जिनिंगच्या पलीकडे, गावाबाहेर, निराधार म्हाताऱ्यांसाठीची संस्था. बावीस बायका.

तिथं मी एकदाच गेलो होतो, जुलैमध्ये, पहिल्या दिवशी. अधीक्षक सपकाळ साहेबांनी मला ऑफिसात बसवलं आणि रजिस्टर पुढे टाकलं. मी बावीस नावं वहीत उतरवून घेतली. मग त्यांनी मला दालनातून फिरवून आणलं. दोन्ही बाजूंना खाटा होत्या, आणि खाटांवर पांढरी डोकी. परत आलो तर एक आया चहा घेऊन उभी. पस्तिशीची, काळीसावळी, पदर कमरेला खोचलेला.

"घ्या जी. साखर जास्त टाकली," ती म्हणाली. "माह्यं नाव द्वारका. येत जा बरं तुमी. आमच्या बुढ्याइले बोलाले मानूस पाहिजे. आमी दिवसभर कामात असतो, आमच्यानं बोलनं होत नाई."

"येईन ना," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात मला युवक महोत्सवाच्या एकांकिकेत मुख्य काम मिळालं. तालमी गुरुवारी आणि शनिवारीच असायच्या. महिनाअखेरीला हजेरीचा तक्ता घेऊन मी सपकाळांच्या घरी गेलो, ते गावातच राहायचे. त्यांनी काही न विचारता महिन्याभराच्या सह्या एकदम करून दिल्या. म्हणाले, "तुम्ही पोरं येऊन तरी तिथं काय दिवे लावता?" ऑक्टोबरात महोत्सव संपला. मला अभिनयाचं दुसरं बक्षीस मिळालं. तालमी संपल्या, पण आसराला न जायची सवय लागली होती ती राहिली. सह्या चालूच होत्या.

असा मी त्या दिवशी वर्गासमोर उभा राहिलो. समोर एकोणीस जण. मी फाईल स्वतःकडे उभी धरली, म्हणजे आतलं कोणाला दिसू नये. वहीतली नावं आठवायचा प्रयत्न केला. एकच आठवलं, कारण आडनाव आमच्या गावातलं होतं.

"माझ्या केसचं नाव कौसल्याबाई अढाऊ," मी म्हणालो. "वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर. खाट नंबर सात."

खाटांना नंबर होते की नाही, मला माहीत नव्हतं.

पहिली पाच मिनिटं मी वरवरचं बोललो. नवरा वारला, मुलगा नाही, पुतण्याने आणून सोडलं. असं कोणत्याही म्हातारीबद्दल म्हणता येतं. मी मधूनच फाईलचा कागद उलटायचो. मॅडम ऐकत होत्या, पण पेन हलत नव्हतं. मागच्या बाकावर दिगांबर मुळे जांभई देत होता. तो माझा खोलीतला जोडीदार, मी कुठं जातो आणि कुठं जात नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याची जांभई मला लागली. मला वाटलं, प्रयोग पडतोय.

"पण या बाईंनी मला पहिले दोन महिने एक शब्दही सांगितला नाही," मी आवाज खाली आणला. "मी जायचो, खाटेजवळच्या स्टुलावर बसायचो आणि उठून यायचो. मग एका शनिवारी मला दिसलं की त्यांच्या उशीखाली भाकरी आहे. अर्धी. वाळून कडक झालेली."

मुळेने तोंड मिटलं.

"का लपवत होत्या?" मॅडमनी विचारलं.

हे मी ठरवलं नव्हतं. मी थांबलो. नाटकात संवाद विसरला की कसं थांबायचं ते मला येत होतं. विसरलो असं वाटता कामा नये, गळा भरून आलाय असं वाटलं पाहिजे. मी खिडकीकडे बघितलं, आवंढा गिळला.

"मॅडम, त्या घाबरतात."

"कोणाला?"

"तिथल्या आयाला."

"आयाचं नाव काय?"

आसरात मला एकाच आयाचं नाव माहीत होतं.

"द्वारकाबाई," मी म्हणालो.

आता मॅडमचं पेन चालू लागलं होतं. ते बघून माझ्या अंगात काहीतरी संचारलं. मी फाईल मिटून टेबलावर ठेवली, जणू कागदांची आता गरजच नाही. कौसल्याबाईंचा थरथरणारा हात करून दाखवला. ताट पुढे आलं की त्या आधी दाराकडे कशा बघतात ते दाखवलं. एक दिवस पदर सरकला आणि दंडावर मला निळा वळ दिसला, मी विचारलं तर त्यांनी पदर ओढून घेतला, असं सांगितलं. मुलींच्या बाकावर वनिता डोळे टिपत होती. महोत्सवातही मला असा शांत प्रेक्षक मिळाला नव्हता. खरं सांगायचं तर ती वीस मिनिटं मला फार आवडली.

शेवटी मॅडम उभ्या राहिल्या. टाळ्या वाजणार असं मला वाटलं होतं, पण वर्ग गप्प होता.

"खोडके, हे सगळं तुमच्या नोंदवहीत आहे?"

"हो मॅडम."

"उद्या सकाळी मला द्या. आणि हा विषय इथं संपत नाही. हे तुमच्या डोळ्यांनी बघितलंय तुम्ही. आता गप्प बसणं म्हणजे त्यात सामील होणं."

त्या गेल्यावर मुळे माझ्याजवळ आला. "काय रे पंकज," तो हळूच म्हणाला, "ती आया खरीच आहे का?"

"नाव फक्त खरं आहे."

"मॅडम तिकडे जातील."

"जाऊन काय दिसणार आहे? काही दिसलं नाही तर विसरतील."

मुळे खानावळीकडे निघून गेला. तिसऱ्या प्रहरी मी खोलीचं दार लावून बसलो आणि सहा महिन्यांची नोंदवही लिहून काढली. तारखा कॅलेंडर बघून घातल्या. दोन वेगळ्या शाईची पेनं वापरली.

मॅडम दुसऱ्याच दिवशी आसराला जाऊन आल्या. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाल्या, "मी कौसल्याबाईंना भेटले. त्यांना कशाचाच पत्ता नाही, नावसुद्धा धड सांगता येत नाही. पण मी दंडाला हात लावला तशा त्या इतक्या दचकल्या! तुमची नोंद बरोबर आहे. शुक्रवारी अकरा वाजता सपकाळ आणि ती बाई इथं येणार आहेत. तुम्हीही हवेत."

बावीस नावांतून मी एक उचललं होतं, आणि त्या बाईला बोलता येत नव्हतं. मला हायसं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही, मला खरोखर हायसं वाटलं.

शुक्रवारी सव्वादहालाच सपकाळ साहेबांनी मला सायकलस्टँडजवळ गाठलं. गोरा, गुबगुबीत माणूस, पण त्या दिवशी चेहरा उतरला होता.

"तुम्ही कधी आला होता हो आसराला?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या सह्या आहेत साहेब, माझ्या तक्त्यावर."

"तेच म्हणतोय. त्रेपन्न सह्या आहेत." ते इकडे तिकडे बघत म्हणाले, "मी वर जाऊन सांगू शकतो, हा मुलगा कधी आलाच नाही म्हणून. मग माझी नोकरी राहते का? आणि तुमचं वर्ष राहतं का?"

मी सायकलला कुलूप लावलं.

"एवढंच विचारायचं होतं," ते म्हणाले. "ती बाई काम चांगलं करते हो. बारा वर्षं आहे." मग जरा थांबून, "पण काय करता," असं म्हणून ते जिन्याकडे गेले.

मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो. म्हणजे आम्ही तिघं बसलो. द्वारकाबाईला मॅडमनी खुर्ची दाखवली होती, पण ती दाराशीच उभी राहिली. धुतलेलं लुगडं नेसून आली होती. मला बघून तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं.

मॅडमनी माझी नोंदवही तिला वाचून दाखवली. सगळी नाही, भाकरीचा आणि वळाचा भाग. ती ऐकत गेली तसं ते हसू गेलं.

"हे कोनं लिवलं बाईसाहेब?"

"यांनी."

"हे पोरगं?" ती माझ्याकडे वळली. "हे तं एकच खेप आलतं, पावसाळ्यात. मीनं चहा देल्ला, पेला अन् गेलं. मंग कवाच नाई दिसलं."

मॅडमनी चष्म्यातून माझ्याकडे बघितलं.

"तसं नाही मॅडम," सपकाळ घाईने म्हणाले. "खोडके येत होते. नियमित. ही स्वयंपाकघरात असते मागच्या बाजूला, हिला कुठं दिसणार?"

"मी मांगं असतो?" द्वारकाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "सायेब, मंग फाटक कोन उघडते?"

"द्वारकाबाई," मॅडमनी तक्ता तिच्यापुढे धरला. "हे बघा. दर गुरुवारी, दर शनिवारी साहेबांची सही आहे. सहा महिन्यांची."

तिला वाचता येत नव्हतं. तिने वाकून सह्यांच्या त्या रांगेवरून नजर फिरवली. मग सपकाळांकडे बघितलं. ते टेबलावरचा पेपरवेट उचलून न्याहाळत होते.

"सह्या हायेत तं आलं असन," ती हळू म्हणाली. "माह्यंच ध्यान नसन."

"आता मला सरळ सांगा. तुम्ही कौसल्याबाईंवर कधी हात उचलला?"

"नाई बाईसाहेब. देवाची आन."

"कधीच नाही? दंडाला धरून ओढलं नाही? जोर केला नाही?"

द्वारकाबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. म्हणाली असती तर माझ्या वहीविरुद्ध तिचा शब्द, असा तो मामला राहिला असता, आणि मॅडम न्यायाने वागणाऱ्या होत्या. त्यांनी आणखी चौकशी केली असती. मी मनातून म्हणत होतो, नाही म्हण.

"धरलं होतं," ती म्हणाली. "एक खेप."

मॅडमनी पेन उचललं.

"संक्रातीच्या आधी. सकाळी आंघोळीचं पानी ठेवलं होतं चुलीवर, मोठं पितळेचं गुंड. खदखद उकळू रायलं होतं. मी लाकडं घ्याले वळली, तं हे बुढी गुंडात हात घालाले निंगाली. तिले समजत नाई न बाईसाहेब, लेकरासारखं हाय तिचं. मी धावली अन् दंडाले धरून मांगं वढली. लय जोरानं. पडली ते. दंड काळानिळा झाला. मी चार दिवस तेल चोळलं."

"साहेबांना सांगितलंत?"

"नाई. भेव वाटलं."

मॅडम लिहीत होत्या. मी वळ हा शब्द हवेतून काढला होता आणि तो जाऊन बरोबर त्या दंडावर बसला होता. द्वारकाबाई मात्र माझ्याकडे बघत होती. तिला काहीतरी उमगत नव्हतं.

"पन तवा तं तिथं कोनी नव्हतं," ती म्हणाली. "तुमाले कसं मालूम? तुमी होते काय जी तिथं?"

मॅडमचं पेन थांबलं. सपकाळांनी पेपरवेट खाली ठेवला.

"होतो," मी म्हणालो.

आणि तिचा चेहरा उजळला. ते मी अजून विसरलेलो नाही. ती चिडेल असं मला वाटलं होतं, पण ती दोन पावलं पुढे आली. कोणीतरी सोडवायला आल्यासारखी.

"हौ? मंग झालं तं!" ती म्हणाली. "मंग पानी पाह्यलं असन तुमी. सांगा न बाईसाहेबाले. कसं उकळू रायलं होतं ते सांगा. वाफ कशी निंगत होती. मी नसती वढली तं हात शिजला असता न बुढीचा?"

तिघांचे डोळे माझ्यावर होते.

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. खोट्यात आणखी एक खोटं, कोणाचंही नुकसान न करणारं. त्याने ती सुटली असती. पण मग मॅडमनी विचारलं असतं, खोडके, तुम्ही पाणी बघितलंत, बाईंना वाचवताना बघितलंत, तर नोंदवहीत ते का नाही? मग घाबरणं कुठून आलं? भाकरी कुठून आली? एक धागा निघाला की सगळं उसवलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यातून जायला किती वेळ लागला असेल? दोन सेकंद, फार तर तीन.

"पाणी मला दिसलं नाही," मी म्हणालो.

"गुंड एवढं मोठं होतं जी," तिने दोन्ही हात पसरून दाखवलं. "चुलीवर. तुमच्या पुढंच असन."

"मला फक्त तुम्ही ओढताना दिसलं. आणि त्या पडल्या ते. वहीत तेवढं लिहायचा धीर झाला नाही."

तिचे हात तसेच पसरलेले राहिले. मग खाली आले. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे, द्वारकाबाई. बसा जरा." तरी ती बसली नाही.

"हळू धराले पाहिजे होतं मीनं," ती म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळपासून तिचं काम गेलं. सपकाळांनी स्वतः कागद तयार केला. त्यांना तो प्रश्न लवकर मिटवायचा होता. केस मांडणीत मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण मिळाले, आणि माझी नोंदवही पुढे दोन वर्षं मॅडम नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवत. 'निरीक्षण कसं असावं' हे सांगायला. मुळेने मार्चमध्ये खोली बदलली. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला मॅडमनी दुसरी संस्था दिली. आसरात आता मला वातावरण अवघड जाईल, असं त्या म्हणाल्या. त्यामुळे तिथं मी पुन्हा कधी गेलो नाही. कौसल्याबाई अढाऊ दिसायला कशा होत्या, हे मला आजही सांगता येणार नाही.

मी पुढे सरकारी नोकरीत लागलो. बालगृहं, महिलांची वसतिगृहं, वृद्धाश्रम तपासायचे आणि अहवाल द्यायचा, हे माझं काम. लग्न झालं, एक मुलगी झाली. त्या शुक्रवाराबद्दल मी बायकोशीही बोललो नव्हतो. रोज आठवत होतं असंही नाही. वर्षातून दोनतीनदा, एखाद्या संस्थेच्या स्वयंपाकघरात उभा असताना वगैरे.

एकोणीस वर्षांनी, मे महिन्यात, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला मूर्तिजापूरकडे गेलो होतो. भर दुपार, मंगल कार्यालयात पंगती उठत होत्या. मी जेवून ताट हातात घेऊन हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. तिथं तीनचार बायका नळाशी भांडी घासत होत्या. त्यांतली एक उठून माझ्यासमोर आली.

"ओळखलं काय जी?"

केस पिकले होते, दोन दात गेले होते. आवाजावरून ओळखलं.

"द्वारकाबाई."

"हौ. ध्यान हाय तुमाले!" तिला खरंच आनंद झाला. "मी मांडवातच पाह्यलं तुमाले. म्हटलं हे तेच पोरगं. सायेब झाले न तुमी? बरं झालं."

"तुम्ही इथं?"

"लेक इकडं कामाले हाय. मी लग्नाइच्या सिझनमधी भांडे घासतो. बरं हाय."

तेवढ्यात एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आली. "आत्याबाई, याले घ्या न जराक," ती म्हणाली. "मले वाढाले बलावते आत."

द्वारकाबाई मागे सरली. चटकन, चटका बसल्यासारखी. दोन्ही हात तिने पदराखाली घेतले. "तिकडं दे, शांताजोळ," ती म्हणाली. सुनेने लगेच मूल नळाशी बसलेल्या शांताकडे दिलं. हे रोजचंच असावं असं वाटलं.

"नातू का?" मी विचारलं.

"हौ. सात महिन्याचा."

"मग घेतलं का नाही?"

"नाई घेत जी मी. जलमल्यापासून नाई घेतला. आंघोळ बी सूनच घालते." तिने हात पदराबाहेर काढून बघितले, साबणाने पांढरे पडलेले. "भेव वाटते मले माह्या हाताचं."

मी ताट धरून उभा होतो. तिला बोलायचं होतं. बहुतेक इतक्या वर्षांत या गोष्टीबद्दल बोलायला तिला माझ्याशिवाय कोणी नव्हतंच.

"तुमी त्या दिवशी बोलले न, पानी दिसलं नाई म्हनून," ती म्हणाली. "मले लय राग आलता. घरी जाऊन लय रडली. मले पक्कं ध्यानात होतं, पानी उकळत होतं. मंग मी इचार करत गेली. कितीक वर्स. म्हटलं, याचं माह्यं काय वैर हाय? हे पोरगं कायले खोटं बोलन? त्यानं पाह्यलं अन् त्याले पानी नाई दिसलं, म्हंजे नसनच पानी. म्हंजे मी रागानंच वढली बुढीले. तवा कामं लय असत, राग येत होता कवाकवा. तसंच झालं असन. अन् मंग मीनंच मनात पानी ठेवलं, माह्यं पाप झाकाले."

"द्वारकाबाई," मी म्हणालो. "पाणी होतं."

तिने माझ्याकडे बघितलं.

"पाणी उकळतच होतं. तुम्ही सांगितलंत तेच खरं आहे. मी तिथं नव्हतो. आसराला मी एकदाच आलो, तुम्ही चहा दिला त्या दिवशी. ती सगळी वही मी खोलीवर बसून लिहिली. मी काही बघितलं नाही. कौसल्याबाईंनाही बघितलं नाही. सगळं खोटं होतं."

मी हे सलग बोललो. एकोणीस वर्षांत ही वाक्यं मी मनात किती वेळा म्हटली होती, म्हणताना प्रत्येक वेळी ऐकणारं माणूस ओरडायचं, किंवा रडायचं. द्वारकाबाई तसं काही करत नव्हती. ती शांतपणे ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू माया येत होती.

"नाई जी," ती म्हणाली. "तुमी होते. साहेबाच्या सह्या होत्या न."

"सह्या खोट्या होत्या. सपकाळांनी घरी बसून केल्या."

"अन् वळ? मीनं वढली, वळ पडला, हे तुमाले कसं मालूम मंग? मीनं तं कोनालेच नव्हतं सांगतलं."

"मी बनवलं होतं ते. मनाने."

"असं कसं बनवता येईन?" ती हसली. समजूत घालावी तसं. "माह्यं वय झालं म्हनून तुमाले वाईट वाटू रायलं. भांडे घासताना पाह्यलं मले, म्हनून. मोठ्या मनाचे हाये तुमी."

"द्वारकाबाई, मी शपथेवर सांगतो."

"तवा खरं बोलले तुमी," ती म्हणाली. "आता माह्यासाठी कायले खोटं बोलता?"

आणि माझ्या हातातलं उष्टं ताट घेऊन ती नळाकडे गेली.